जेवणासाठी सहा तास

सोमवार, २९ जून १९१४

काल बोस्नियात गादीच्या वारसाला आणि त्याच्या बायकोला कुणीतरी गोळ्या घातल्या. तार घेऊन आमचे तारमास्तर गालम्बोश धावत आले, म्हणजे त्यांच्या मानानं धावत. मी फलाटावर बुडापेस्ट पॅसेंजरला हिरवं निशाण दाखवत होतो. तार वाचली, खिशात घातली, गाडी सोडली. चार वाजून सात मिनिटं. इतिहासात काहीही घडो, केरेकहाझा स्टेशनातून गाडी वेळेवर सुटते.

गावात फारसं दुःख दिसलं नाही. त्या राजपुत्राला आम्ही हंगेरियन आवडत नव्हतो आणि आम्हाला तो आवडत नव्हता. फिटंफाट. बागेतला बँड मात्र हुकमानं बंद करावा लागला, त्याबद्दल लोक मनापासून हळहळले.

मंगळवार, १४ जुलै

आमचा मुलगा देझो कापणीच्या रजेवर घरी आला. सैन्यात दर उन्हाळ्यात अर्धीअधिक पोरं गहू कापायला घरी सोडतात. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्यांना सैन्यात एकच वर्ष काढावं लागतं; लॅटिनमध्ये तीनदा आपटला नसता, तर देझोही तेवढ्यात मोकळा झाला असता. आता साधा शिपाई, आणि अजून चौदा महिने बाकी.

आला तो सरळ स्वयंपाकघरात शिरला. इर्मानं त्याच्यापुढे जेवढं वाढलं तेवढ्यात आमचा सगळा स्टेशन स्टाफ जेवला असता.

"सैन्यात काय शिकलास?" मी विचारलं.

"उभं राहायला, बाबा. सकाळी उभं राहायचं, दुपारी उभं राहायचं. संध्याकाळी सार्जंट विचारतो, बसलात का?"

"शिस्त म्हणतात तिला."

"हो. गाढवाकडेही असते ती."

इर्मा हसली. मुलाचे विनोद तिला नेहमीच कळतात. माझे सव्वीस वर्षांत कळले नाहीत.

शुक्रवार, २४ जुलै

सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला. अठ्ठेचाळीस तासांत होय म्हणा, नाहीतर बघा. गालम्बोश म्हणतात, खून होऊन महिना झाला, इतके दिवस हे काय करत होते?

"तयारी," मी म्हणालो.

"कसली तयारी, साहेब? सैन्य तर शेतात आहे! गहू आत येईपर्यंत राग आवरून धरला होता. आपलं साम्राज्य पक्कं शेतकरी वळणाचं. आधी मळणी, मग भांडण."

गालम्बोश हे बोलणं तारेच्या यंत्राशेजारी बसून करतात, हे बरं नव्हे.

माझ्या तिजोरीत लाल लाखेचं एक पाकीट पाच वर्षं पडून आहे. त्यात युद्धाचं वेळापत्रक आहे. हुकूम आला तरच फोडायचं. आज दोनदा बाहेर काढून पुसून ठेवलं.

रविवार, २६ जुलै

फोडलं!

सैन्य जमवायचा हुकूम आला आणि रजा रद्द झाल्या. देझोला परवापर्यंत छावणीत हजर व्हायचंय. मी कपाळावरचा घाम पुसून पाकीट फोडलं आणि आतली वेळापत्रकं टेबलावर पसरली. इतकं सुंदर काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. साम्राज्यातल्या सगळ्यात वाईट रुळांवरून सगळ्यात म्हातारं इंजिन ताशी अठरा किलोमीटर जातं, म्हणून प्रत्येक सैनिकी गाडी ताशी अठरानंच जाणार. चांगल्या रुळांवरही. म्हणजे कुणी कुणाच्या पुढे जायला नको, की कुणी मागे पडायला नको. शिवाय प्रत्येक गाडी रोज एकदा जेवणासाठी सहा तास थांबणार. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचा जेवणाचा थांबा म्हणून आमच्या केरेकहाझाची निवड झाली आहे. छापील! मी इर्माला दाखवलं.

तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. "अहो, रेल्वेच्या माणसांना सैन्यातून सूट आहे ना?"

"अत्यावश्यक असलेल्यांना."

"मग देझोला तसा दाखला द्या. सांधेवाला म्हणून. सही तुमचीच लागते."

मी तिला समजावलं. सांधेवाल्याची परीक्षा असते. देझोनं आयुष्यात रुळाच्या सांध्याला हात लावलेला नाही. लहानपणी एकदा लावला होता, तेव्हा मालगाडी पाद्रीबुवांच्या बागेच्या बाजूला वळली होती. खोटा दाखला हा गुन्हा आहे, आणि मुख्य म्हणजे आलुबुखार पिकायच्या आत हे सगळं संपणार आहे. मग पोरानं गावात तोंड कसं दाखवायचं?

"काउंटच्या पुतण्याला चर्चचा घंटावाला करून ठेवलाय," ती म्हणाली. "तो बहिरा आहे."

"काउंटची गोष्ट वेगळी."

"हो. त्यांना पुतण्या आहे. तुम्हाला वेळापत्रक आहे."

असं बोलून ती गेली. बायकांना युद्धातलं कळत नाही.

शनिवार, १ ऑगस्ट

आज रशिया आला. जर्मनी येतोय, फ्रान्स येणार. मी गालम्बोशना म्हटलं, हे सगळं सुरू कसं झालं ते नीट समजावून सांगा, तुमच्या हातून सगळ्या तारा जातात.

"सोपं आहे, साहेब. बांधावरून दोन शेजारी भांडायला लागले. एकाच्या बाजूनं त्याचा मोठा भाऊ आला. ते बघून दुसऱ्याचा मेहुणा आला. मेहुणा भावाच्या घरी पोहोचायला मधल्या तिसऱ्याच्या शेतातून गाडी घालणार. मग तिसऱ्याचा जावई धावणार. आता सगळं गाव काठ्या घेऊन उभं आहे, आणि बांध कुठला हे कुणालाच आठवत नाही."

"यात चूक कुणाची?"

"सगळ्यांच्या घरी काठ्या होत्या, ही."

दुपारी एक विचित्र तार आली. रशिया उत्तरेकडून येतोय, म्हणजे दक्षिणेला निघालेलं अर्धं सैन्य खरं तर उत्तरेला हवं. सेनापतींनी विचारलं, गाड्या वळवता येतील का? त्यावर सैनिकी रेल्वे विभागानं उत्तर दिलं, येणार नाहीत. वाटेत वळवल्या तर सगळं वेळापत्रक विस्कटेल. म्हणून ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी आधी दक्षिणेला जायचं, तिथं उतरायचं, मग पुन्हा गाडीत बसून उत्तरेला जायचं.

गालम्बोश इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. मला यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. अगदी योग्य निर्णय. लढाई कुठेही करता येते, विस्कटलेलं वेळापत्रक लावता येत नाही.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

देझोची गाडी आज गेली.

त्याची छावणी इथून चाळीस किलोमीटरवर. गाडी सकाळी तिथून निघाली, सव्वादोन तासांत इथं पोहोचली आणि नियमाप्रमाणे जेवायला सहा तास थांबली. युद्धाला निघालेला मुलगा गाडीतून उतरला, फलाट ओलांडून आमच्या दारात आला, बूट काढून जेवायला बसला. मग त्याच्या डब्यातले सगळे एकामागून एक आले. डब्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, चाळीस माणसं किंवा सहा घोडे. आमच्या अंगणात चाळीस माणसं मावली. घोड्यांनी कमी खाल्लं असतं.

इर्मानं तीन कोंबड्या आणि रात्रभर भिजवलेल्या घेवड्याचं मोठं पातेलं संपवलं. देझोचा मित्र गेर्गेली सुतार आहे; जेवण झाल्यावर त्यानं आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार नीट बसवून दिलं. "काकू, कोंबड्या संपल्या, पण दार आता झकास लागतं." सार्जंट तोर्मा नाशपातीच्या झाडाखाली दोन तास घोरला.

निघायच्या आधी इर्मा देझोला म्हणाली, "बाबांना सांग ना दाखल्याचं. तुझं ऐकतील."

देझो हसला. "आई, मी राहिलो तर हे सगळे काय म्हणतील? आणि बाबा खोटी सही करतील? सूर्य एक वेळ उशिरा उगवेल."

मला अभिमान वाटला. इर्मानं त्याचा कोट ओढून सारखा केला. तो सारखाच होता. तरी ओढत राहिली.

गाडी पाच अठराला सुटली. वेळेवर.

बुधवार, १२ ऑगस्ट

रोज बारा गाड्या. प्रत्येकी सहा तास. माझं स्टेशन म्हणजे आता जत्रा झालंय. हजारो माणसं उतरतात, विहिरीवर अंघोळ करतात, कच्ची कलिंगडं खातात आणि मग रांगेनं मक्याच्या शेतात जाऊन बसतात. मक्याचा मालक रोज येऊन ओरडतो. हुसार घोडेस्वारांच्या एका रेजिमेंटनं पाद्रीबुवांच्या मोलकरणीला लग्नाच्या अकरा मागण्या घातल्या. पाद्रीबुवांनी तक्रार केली. मोलकरणीनं केली नाही.

आज एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक गाडीच्या शेवटी उघड्या वाघिणीवर चाकांचं स्वयंपाकघर असतं. त्याच्या धुराड्यातून धूर येतो. सूप चालत्या गाडीतच शिजतं! गाडी आत येते तेव्हा जेवण तयार असतं. मग सहा तास कशासाठी?

मी हे लष्कराच्या वाहतूक अधिकाऱ्याला, लेफ्टनंट राउटेनबाख यांना विचारलं. व्हिएन्नाचा पोरगा, मिशांना मेण लावतो.

"स्टेशनमास्तर, हा थांबा आहे कारण पूर्वी गाडीवर स्वयंपाकघर नव्हतं."

"पण आता आहे."

"हो. पण थांबाही आहे."

मी रात्रीचं जेवण टाकून अहवाल लिहिला. जेवणाचा थांबा रद्द करावा, स्वयंपाकघराची वाघीण मध्यभागी लावावी, वाढप दहा मिनिटांच्या पाणीथांब्यावर करावं. दिवसाला प्रत्येक गाडीमागे सहा तास वाचतील. चौदा पानं आणि दोन आलेख.

मंगळवार, १८ ऑगस्ट

सम्राटांचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस. सकाळी चर्च, दुपारी रेस्टॉरंटात मेजवानी. लेफ्टनंट राउटेनबाखनी प्याला उंचावून जाहीर केलं की दक्षिणेत आपण नदी ओलांडून सर्बियात घुसलो आहोत आणि सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गालम्बोशनी हळूच मला विचारलं, "मग परतीच्या गाड्या आजच का मागवल्यात?"

"ठरलंच होतं तसं. तिथं उतरून पुन्हा उत्तरेला."

"होय, पण लढाई संपल्यावर असं ठरलं होतं की लढाईच्या मध्येच?"

कुठल्याही मेजवानीचा विचका कसा करावा हे गालम्बोशकडून शिकावं.

शनिवार, २२ ऑगस्ट

माझा अहवाल मंजूर!

बुडापेस्टहून पत्र आलं. "आपल्या सूचनेनुसार केरेकहाझा येथील जेवणाचा थांबा दिनांक २४ पासून दोन्ही दिशांना रद्द करण्यात येत आहे. आपल्या तत्परतेची नोंद घेण्यात आली आहे." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वरच्यांनी माझी कशाचीही नोंद घेतली. मी पत्र स्वयंपाकघरात नेलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

इर्मा पीठ मळत होती. तिनं हात पुसले आणि खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. सकाळच्या टपालानं आलेलं. देझोचं अक्षर, पण पेन्सिलीनं आणि फार वाकडंतिकडं.

"आई, बरा आहे. आम्हाला परत उत्तरेला नेतायत. २७ च्या सुमारास तुमच्याकडून जाऊ, सहा तास असतीलच. कोंबडी नको. नुसता पाव कर, भरपूर. आणि कुणालाही काही विचारू देऊ नकोस."

मी कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणालो की पाणीथांबा दहा मिनिटांचा तरी असतो.

"केरेकहाझात पाणी भरतात?" इर्मानं विचारलं.

आमची टाकी जुलैपासून गळते आहे. पाणी पुढच्या स्टेशनावर भरतात.

मंगळवार, २५ ऑगस्ट

इर्मानं माझ्याशी बोलणं बंद केलंय. जेवण मात्र ठरल्या मिनिटाला समोर येतं, अगदी वेळापत्रकासारखं. काही सांगायचं असेल तर ती गालम्बोशना सांगते आणि ते मला. "साहेब, बाईंचा निरोप आहे की मीठ संपलंय. आणि तुम्ही गाढव आहात, पण हे मीच अंदाजानं जोडलं."

उत्तरेच्या गाड्या सुरू झाल्या. थांबत नाहीत. ताशी अठरानं समोरून सरकत जातात. वेग इतका कमी की चेहरे मोजता येतात. दक्षिणेला जाताना गात गेले होते, आता कुणी गात नाही. बऱ्याच जणांच्या पाठीवर पिशव्या नाहीत. एका डब्यात चाळीसच्या जागी निम्मेच बसलेले दिसले. मला वाटतं, परतीच्या प्रवासात डबे जास्त लावून माणसांना ऐसपैस जागा दिली असावी.

वर्तमानपत्रात लिहिलंय, दक्षिणेतून नियोजित माघार.

लेफ्टनंटकडे जाऊन मी विचारलं की एका विशिष्ट गाडीला, फक्त एकाच, जुना थांबा देता येईल का.

"तुमच्याच अहवालानं बंद झालाय ना?"

"हो."

"चौदा पानांचा होता. मला वाटलं तुम्ही सगळा विचार केला असेल."

गुरुवार, २७ ऑगस्ट

आज जे घडलं ते जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी टेबल आवरताना सैन्यातून सूट देणाऱ्या दाखल्याचा एक कोरा नमुना हाती लागला. कोरा कागद पडून राहिला तर कुणीही गैरवापर करू शकतो, म्हणून भरून टाकला. नाव देझो होर्काइ, काम सांधेवाला, नेमणूक २० जुलैपासून. सही माझी, वेंदेल होर्काइ. शिक्का मारला. खिशात ठेवला, कारण टेबल आवरलेलं होतं.

देझोची गाडी दहा चाळीसला मागच्या स्टेशनातून सुटल्याची खबर आली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेरच्या सिग्नलपाशी, दोन रुळांच्या मधोमध, इर्मा स्वयंपाकघरातलं स्टूल टाकून बसली होती. मांडीवर पावांची टोपली. डोक्याला रविवारचा रुमाल.

रुळावर अडथळा दिसला तर सिग्नल धोक्यावर करायचा, हा नियम आहे. मी नियम पाळला. अडथळा हटवायला माणूस पाठवायचा, हाही नियम आहे. माणूस मोकळा नव्हता. गालम्बोश समोर बसून चहा पीत होते, पण ते तारखात्याचे. म्हणून टोपी घालून मी स्वतः निघालो. पळालो नाही. पण इतक्या सावकाश चालल्याचंही आठवत नाही.

ड्रायव्हरनं शिट्टी मारली. इर्मानं हात वर केला, भाजीवालीला थांबवायला करतात तसा. गाडी तिच्यापासून वीस पावलांवर थांबली.

ती उठली, स्टूल काखेत मारलं आणि डब्यांच्या कडेनं चालत हाका मारू लागली, "देझो! होर्काइ देझो!" नवव्या डब्याचं दार आतून सरकलं. तिथं तो होता. डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली, एका पायात बूट भलत्याच मापाचा.

"आई, हे काय? थांबा कुठेय?"

"मी आहे थांबा. पाव घे."

पावांची टोपली आत गेली. मी दाखला पुढे केला. देझोनं तो वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू समोर कुणी अनोळखी माणूस टोपी घालून उभा आहे.

"बाबा, तुम्ही सही केलीत?"

"कागद कोरा पडला होता."

"मी उतरणार नाही." त्यानं डब्यात मागे हात केला. "हे माझे आहेत. गेलो तेव्हा चाळीस होतो. आता एकोणीस. मी उतरलो तर अठरा."

इर्मानं वाद घातला नाही. तिनं स्टूल जमिनीवर ठेवलं, त्यावर चढली आणि एक पाय डब्यात टाकला. "सरक. इथं लिहिलंय चाळीस माणसं किंवा सहा घोडे. आईला मनाई असल्याचं कुठं लिहिलेलं नाही."

डब्यात हसू फुटलं. त्या आठवड्यातल्या गाड्यांमध्ये मी ऐकलेलं पहिलंच. सार्जंट तोर्मा म्हणाला, "होर्काइ, उतर बाबा. काकू आत आल्या तर पलटण त्यांच्या हुकमात जाईल, आणि मग आपण जिंकू. रशियन बिचारे काय करतील?"

"सार्जंट, मी..."

"हा माझा हुकूम आहे. पहिला शहाणपणाचा." त्यानं देझोला खांद्याला धरून खाली ढकललं. गेर्गेलीनं वरून त्याची पिशवी टाकली आणि ओरडला, "नीट सांधे बदल रे! पाद्रीच्या बागेत घालू नकोस आम्हाला!" ती गोष्ट त्यांना देझोनंच सांगितली असणार.

तेवढ्यात लेफ्टनंट राउटेनबाख मिशा सांभाळत धापा टाकत पोहोचले. त्यांनी दाखला पाहिला, तारीख पाहिली, मग एका पायात भलताच बूट घातलेला देझो पाहिला.

"सांधेवाला? वीस जुलैपासून? मग हा पलटणीत कसा?"

"चुकून गेला," मी म्हणालो. "वेळापत्रकाप्रमाणे चुकून."

लेफ्टनंटनी डब्याच्या आत पाहिलं. मग दाखला मला परत दिला. "अकरा मिनिटं उशीर झालाय, स्टेशनमास्तर. कारण लिहून ठेवा," म्हणाले आणि वळून गेले. पोरगा वाटला तेवढा मूर्ख नाही.

गाडी सुटली. देझो रुळाकडेला उभा राहून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत पाहत होता. इर्मानं त्याचा दंड धरला होता. मी स्टूल घरी आणलं.

उशिराच्या नोंदवहीत माझ्या हस्ताक्षरात माझ्यामुळे झालेली ही पहिलीच नोंद. कारण: रुळावर अडथळा.

शुक्रवार, ४ सप्टेंबर

चौकशीला बुडापेस्टहून एक गृहस्थ आले. गोल पोट, गोल चष्मा.

"अडथळा कशाचा होता?"

"स्टूलचा."

"कुणाचं स्टूल?"

"रेल्वेचं. क्वार्टरमधलं सगळं सामान रेल्वेचंच असतं."

हे त्यांना नाकारता येईना. माझ्या नावावर ताकीद लागली आणि आधीची शाबासकी काढून घेतली. शाबासकी दोन आठवडेही टिकली नाही. इर्मानं त्यांना आलुबुखाराचे लाडू खाऊ घातले. ते बारा खाऊन गेले. ती पुन्हा माझ्याशी बोलू लागली आहे. काल म्हणाली, "सरका."

देझो सांधेवाल्याचं काम शिकतोय. झटपट शिकला. पण जेवताना बोलत नाही. विनोद करत नाही. मी म्हटलं, अरे, घरी आहेस, बरा आहेस, अजून काय हवं? तो उठून अंगणात गेला आणि खुराड्याचं दार उघडझाप करत बसला. दमलाय. प्रवास लांबचा झाला.

शनिवार, १२ सप्टेंबर

उत्तरेतली मोठी लढाई हरलो. लेम्बर्ग शहर गेलं. वर्तमानपत्रात लिहिलंय, सैन्य अधिक सोयीच्या जागी आणलं. गालम्बोश म्हणतात, असंच चालू राहिलं तर सगळ्यात सोयीची जागा म्हणजे हे केरेकहाझा.

आता जखमींच्या गाड्या खाली येतात. त्याही थांबत नाहीत, कारण इथला थांबा माझ्याच अहवालानं दोन्ही दिशांना रद्द झालाय. डब्यांवर तीच पांढरी अक्षरं, पण आत गवतावर माणसं आडवी. वास इतका की मक्याचा मालकसुद्धा ओरडायला येत नाही.

आज दोन गाड्यांना उशीर झाला. सात मिनिटं आणि नऊ मिनिटं. दोन्ही वेळा बाहेरचा सिग्नल धोक्यावर होता. तो मी केला नव्हता. सिग्नलच्या केबिनमध्ये जाऊन बघतो तर देझो नाही. तो खाली गाडीजवळ होता. प्रत्येक डब्याशी थांबून आत डोकं घालायचा आणि तीच नावं म्हणायचा, एकामागून एक. तोर्मा. गेर्गेली. अठरा नावं. मग पुढचा डबा.

मी त्याला ओरडायला गेलो होतो. डब्यातून कुणीतरी पाणी मागितलं. मी विहिरीवरून बादली आणली. इर्मा मागून पेला घेऊन आलीच होती.

नोंदवहीत लिहिलं: सिग्नलमध्ये बिघाड.

बुधवार, २३ सप्टेंबर

बुडापेस्टहून पत्र. केरेकहाझाचा सिग्नल अकरा दिवसांत एकोणतीस वेळा बिघडल्याचं त्यांच्या लक्षात आलंय. दुरुस्तीला माणूस पाठवू का, असं विचारलंय. मी कळवलं की बिघाड स्थानिक स्वरूपाचा आहे आणि तो आम्ही हाताळतो.

गालम्बोश मदत करतात. सिग्नल बिघडायचा कंटाळा आला की मी त्यांना विचारतो. आत्तापर्यंत धुकं, गाय, गाईचा मालक, इंजिनात सांडलेले कोळसे, मेंढ्या आणि बिशपची मिरवणूक अशी कारणं झाली. बिशप इथं गेल्या पाच वर्षांत आलेले नाहीत.

देझोला आत्तापर्यंत एकजण सापडला. सार्जंट तोर्मा. एक हात गेला, पण बोलता येत होतं. त्यानं देझोला बाकीच्यांपैकी पाच नावं पुसायला सांगितली. गाडी पंधरा मिनिटं थांबली. तोर्मानं माझ्याकडे पाहून विचारलं, "स्टेशनमास्तर, आज जेवायला किती तास?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तेवढे.

तो हसला. मी खोटं बोलत नव्हतो, पण मागे दुसरी गाडी उभी होती. तिच्याही मागे तिसरी.

आज देझोनं जेवताना पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाबा, उरलेल्या बारांसाठी मी रोज थांबवणार. नोकरी जाईल तुमची."

इर्मानं माझ्या ताटात आणखी एक लाडू ठेवला.

संध्याकाळी नोंदवही लिहायला बसलो. तीन गाड्या: आठ मिनिटं, पंधरा मिनिटं, सहा मिनिटं. गालम्बोश म्हणाले, "साहेब, आज पूर चालेल का? पूर अजून वापरलेला नाही." मी म्हटलं, इथं नदीच नाही. मग त्यांनी टोळधाड सुचवली. मी टाक शाईत बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून बसलो. इतक्या वर्षांत मी कितीतरी कारणं लिहिली, आणि गेल्या महिनाभरात तर खोटी लिहायलाही शिकलो. पण आज एकही आठवेना.

तिन्ही गाड्यांपुढे एकच कारण लिहिलं: नावं विचारत होतो.

सही केली. शिक्का मारला. प्रत बुडापेस्टला पाठवली.